खाचा शाबूत, वय मात्र झालेले

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळ हे गाव विदर्भाबाहेर फारसे परिचित नव्हते. पंढरपूरहून शेगावकडे परतणाऱ्या श्री गजानन महाराजांच्या पालखीच्या वाटेवरचे गाव म्हणून वारकऱ्यांना ते ठाऊक होते, एवढेच. समृद्धी महामार्गामुळे मात्र त्याचे भौगोलिक महत्त्व बदलले. ११ डिसेंबर २०२२ रोजी या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. तेव्हापासून मुंबई-नाशिककडून शेगावच्या दर्शनाला निघालेल्या मोटारींना मेहकरजवळ महामार्ग सोडून, जानेफळमार्गे, घाटावरून घाटाखाली खामगावकडे उतरण्याची सोय झाली आहे. सकाळी निघून दुपारी दर्शन, असा हिशेब मांडता येऊ लागला.

या हिशेबात एक गोष्ट सहसा धरली जात नाही. एरवी शहरातल्या वाहतुकीत ताशी तीस-चाळीसच्या पुढे न जाणारी मोटार या प्रवासात तासन् तास १२० च्या वेगाने धावते, तीही चार-पाच माणसे आणि त्यांचे सामान घेऊन आणि पुष्कळदा उन्हाळी सुटीत, पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना. तिच्या टायरांना आयुष्यातली सर्वांत कठीण परीक्षा द्यावी लागते ती इथे. परीक्षार्थीचे वय किती, हे मात्र वाटेत कुणी विचारत नाही.

वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या मुद्द्याकडे वळण्यापूर्वी याच जिल्ह्यातील एका दुर्घटनेची आठवण करणे आवश्यक आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी प्रवासी बस सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धीवर उलटली, पेटली आणि २५ प्रवासी होरपळून मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याने ताबा सुटला, असे बचावलेल्या चालकाने सांगितले. पहिले काही तास तेच कारण सर्वत्र प्रसिद्ध झाले. पुढे प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांच्या पाहणीत निराळेच चित्र समोर आले. घटनास्थळी फुटलेल्या टायरच्या रबराचे तुकडे किंवा रस्त्यावरच्या खुणा आढळल्या नाहीत. बस आधी खांबाला आणि मग दुभाजकाला धडकली होती, असे अहवालात नमूद झाले. म्हणजे ज्या अपघाताने समृद्धीवरील टायरांची चर्चा घरोघरी पोहोचवली, त्यात टायर फुटल्याचा पुरावाच नव्हता.

या विसंगतीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. 'टायर फुटला' हे आपल्याकडे अपघाताचे सोयीचे उत्तर झाले आहे. त्यात चालकाचा दोष निघत नाही, मालकाचा निघत नाही, रस्ता बांधणाऱ्याचाही निघत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टायर खरोखरच फुटतो, तेव्हाही तो का फुटला याचा तपास क्वचितच शेवटाला जातो. हवा कमी होती, भार जास्त होता, खिळा घुसला होता, की टायर दहा वर्षांचा म्हातारा होता? पंचनाम्यात 'टायर फुटून वाहन उलटले' एवढे एक वाक्य लिहिले जाते आणि प्रकरण मिटते. टायरवर ठळक छापलेले त्याच्या जन्माचे साल पंचनाम्यात उतरवून घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झालेली नाही. त्यामुळे समृद्धीवर फुटलेल्या टायरांपैकी किती जुने होते, याचे विश्वसनीय उत्तर कुणाकडेही मागता येत नाही.

न्यायालयाने मात्र या सोयीच्या उत्तराला छेद दिला आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्या एका मोटारीचे मागचे चाक फुटून ती खड्ड्यात कोसळली व एका ३८ वर्षीय प्रवाशाचा मृत्यू झाला. टायर फुटणे ही 'दैवी कृती' असल्याने भरपाईची जबाबदारी आपल्यावर येत नाही, असा विमा कंपनीचा युक्तिवाद होता. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली होती. कंपनीचे अपील फेटाळताना मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एस. जी. डिगे यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये तो युक्तिवाद अमान्य केला. ज्यावर माणसाचा काहीच इलाज चालत नाही अशी अकस्मात नैसर्गिक आपत्ती म्हणजे दैवी कृती. टायर फुटण्यामागे अतिवेग, कमी वा जास्त हवा, जुने वापरलेले टायर, तापमान अशी कारणे असतात आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची स्थिती पाहणे हे चालकाचे वा मालकाचे कर्तव्य आहे, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या दृष्टीने टायर फुटणे हा आता दैवाचा नव्हे, निष्काळजीपणाचा विषय आहे.

प्रश्न उरतो तो असा की, मालकाने टायरची स्थिती पाहायची म्हणजे नेमके काय पाहायचे? नियमांकडे उत्तर मागितले तर ते अर्धेच मिळते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील टायरविषयक तरतुदीचा सारा भर खाचांच्या खोलीवर आहे. मोटारीसाठी ही किमान मर्यादा १.६ मिलिमीटर, दुचाकी-तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर. खाचांच्या तळाशी जागोजागी रबराचे लहान उंचवटे असतात. टायर झिजत झिजत त्यांच्या पातळीला आला, की तो निकामी. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायरतपासणी सुरू केली, तीही मुख्यतः याच कसोटीवर. गुळगुळीत टायरच्या वाहनांना माघारी पाठवण्याचे धोरण स्वागतार्ह होते, यात शंका नाही. जून २०२२ मध्ये केंद्राने नव्या टायरांसाठी घर्षणरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांचे निकष अधिसूचित केले. या साऱ्यात टायरच्या वयाला मात्र स्थान नाही. खाचा पुरेशा खोल असतील, तर पंधरा वर्षांचा टायरही नियमाच्या चौकटीत बसतो.

खरी गोम इथे आहे आणि ती शहरी मध्यमवर्गाला विशेष लागू पडते. साधारण मोटारीचा टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालतो असे धरले आणि गाडी वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धावत असली, तर तीन-साडेतीन वर्षांत तो झिजून बदलावा लागतो. वयाचा प्रश्न उद्भवतच नाही. टॅक्सीवाल्याचे टायर म्हातारे होत नाहीत, ते तरुणपणीच संपतात. पण ज्या कुटुंबाची गाडी आठवडाभर इमारतीच्या आवारात उभी असते, रविवारी बाहेर पडते आणि वर्षाला जेमतेम पाच हजार किलोमीटर धावते, तिच्या टायरला झिजायला आठ ते दहा वर्षे लागतात. त्यात २०२० आणि २०२१ मधील टाळेबंदीचा काळ मिळवला म्हणजे २०१७-१८ च्या सुमारास घेतलेल्या किती तरी गाड्या अजून कारखान्यातून आलेल्या मूळ टायरांवरच का फिरत आहेत, याचा उलगडा होतो. खाचा छान दिसतात. पंक्चरवालाही 'अजून पुष्कळ जीव आहे' म्हणतो. खाचांपुरते त्याचे म्हणणे खोटे नसते.

रबर मात्र खाचांवर अवलंबून राहून म्हातारे होत नाही. हवेतला ऑक्सिजन आतून, ओझोन आणि ऊन बाहेरून रबराचे गुणधर्म बदलत राहतात. लवचीक रबर हळूहळू कडक होते, त्याची ताणाखाली वाकण्याची शक्ती कमी होते. हे रोखण्यासाठी टायर बनवतानाच त्यात संरक्षक रसायने आणि मेण मिसळलेले असते. चाक फिरताना रबर दबते-ताणले जाते, तसे हे द्रव्य पृष्ठभागावर येऊन थर धरते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली, तर ही क्रिया मंदावते. त्यामुळे 'गाडी वापरलीच नाही, टायर नव्यासारखे आहेत' हे विधान बहुतेक वेळा उलट अर्थाने खरे असते. शिवाय रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर वाढतो. उघड्यावर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर सावलीतल्या गाडीपेक्षा लवकर म्हातारे होतात आणि विदर्भ-मराठवाड्यातले टायर थंड प्रदेशातल्यांपेक्षा.

अमेरिकेत २००० मध्ये एका बड्या कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले होते. पळपट्टी सुटून मोटारी उलटल्याच्या त्या प्रकरणात टायरच्या रचनेतले दोष हे मुख्य कारण होते. परंतु अशा घटना ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया या उष्ण राज्यांत अधिक घडल्याचे आढळले, ही बाब आपल्यासारख्या देशाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वेगाचा भाग त्याहून निर्णायक. मोटारीच्या चाकाचा परीघ साधारण दोन मीटर धरला, तर ताशी १२० च्या वेगाला ते मिनिटाला सुमारे हजार वेळा फिरते आणि टायरचा प्रत्येक भाग मिनिटाला हजार वेळा जमिनीवर चेपून पुन्हा सरळ होतो. या चेपण्यातून उष्णता निर्माण होते. शहरात सिग्नलला थांबत जाताना ती निघून जाते. समृद्धीवर दोन-दोन तास थांबणेच नसते. आत रबर आणि पोलादी तारांचे पट्टे यांना जोडून ठेवणारा थर वयाने कमकुवत झालेला असेल, तर या उष्णतेत तो सुटू लागतो. बाहेरून काही दिसत नाही. मग एका क्षणी पळपट्टी सोलून निघते किंवा टायर फाटतो. 'फुटला' हा शब्द फुग्याची आठवण करून देतो. प्रत्यक्षात जुना टायर पुष्कळदा फुगून नव्हे, तर आतून सुटून जातो.

हा फरक समजला नाही म्हणून एक घातक समजूत रूढ झाली आहे. उन्हाळ्यात हवा प्रसरण पावते, तेव्हा लांबच्या प्रवासाला निघताना टायरमधली हवा थोडी कमी करावी, असा सल्ला अनुभवी म्हणवणारे चालकही देतात. हवा कमी झाली की टायर अधिक चेपतो, अधिक चेपला की अधिक तापतो. अर्थात, सल्ल्याने टाळायचे ते संकट त्याच सल्ल्याने ओढवते. धावताना दाब चार-पाच पौंडांनी वाढतो हे खरे, पण टायर ते धरूनच बनवलेला असतो. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर कंपनीने दिलेला दाब, टायर थंड असताना, माणसे व सामान पूर्ण भरलेल्या गाडीसाठी सांगितला असेल तेवढा ठेवणे, याला पर्याय नाही. नायट्रोजनचाही असाच गवगवा. रबरात सिलिकॉन मिसळणे आणि टायरमध्ये नायट्रोजन भरणे बंधनकारक करण्याचा विचार नितीन गडकरी यांनी जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत बोलून दाखवला होता. नायट्रोजन सावकाश झिरपतो आणि कोरडा असतो, एवढा त्याचा लाभ निश्चित. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि त्याने म्हातारा टायर तरुण होत नाही. सिमेंटच्या रस्त्याला दोष देणाऱ्यांनीही थोडे थांबावे. फिकट रंगाचे काँक्रीट काळ्या डांबरापेक्षा ऊन कमी शोषते. समृद्धीवर टायरची कसोटी लागते ती मुख्यतः अखंड वेगामुळे.

मग टायर जुना झाला, हे ओळखायचे कसे? पहिली कसोटी अत्यंत साधी आहे. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील, तर तो टायर २००० सालापूर्वीचा. असा टायर गाडीत सापडलाच तर कौतुकाने जपून ठेवावा, चाकाला लावू नये. अंक पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूवर असतात आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला आलेली असू शकते. तेव्हा दिसले नाहीत म्हणून सोडून न देता गाडी वर घेऊन पाहावे लागते. नवे टायर घेतानाही हे अंक वाचावेत. दुकानात नवा म्हणून विकला जाणारा टायर दोन-तीन वर्षे गोदामात पडलेला असू शकतो. सावलीत, कोरड्या जागी नीट साठवलेल्या टायरचे फारसे नुकसान होत नाही, हा उत्पादकांचा दावा रास्त आहे. तरी ग्राहकाला निदान वयाची माहिती असावी.

किती वय म्हणजे जास्त, याबाबत एकवाक्यता नाही. अनेक मोटारउत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात. मिशेलिनसारखी टायरकंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहाव्या वर्षी, खाचा कितीही असल्या तरी, निवृत्ती, असे सांगते. या दोन आकड्यांमधला काळ हाच वादाचा. आपल्याकडचे ऊन आणि कारण नसताना कमी ठेवली जाणारी हवा लक्षात घेता, लांबच्या वेगवान प्रवासासाठी सहा-सात वर्षांची मर्यादा मानणे शहाणपणाचे. सात वर्षांचा सुस्थितीतला टायर भाजी आणण्यापुरता चालेल. त्याच टायरवर सहा माणसे घेऊन समृद्धीवर जाणे हा निराळा व्यवहार आहे.

वयाखेरीज डोळ्यांना दिसणाऱ्या खुणाही आहेत. टायरच्या बाजूवर आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा पडू लागल्या, की रबर सुकू लागल्याचे समजावे. नख अडकेल एवढ्या भेगा असतील, तर निर्णय झालेलाच आहे. बाजूवर आलेला फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले. असा टायर एक दिवसही ठेवू नये. बॅलन्सिंग करूनही ठरावीक वेगाला गाडी थरथरत असेल, तर आतला थर सुटत असल्याची ती पूर्वसूचना असू शकते. पावसात पूर्वीच्या मानाने गाडी उशिरा थांबू लागली, तर कडक झालेल्या रबराची पकड गेलेली असते, भले खाचा चार मिलिमीटरच्या असोत. आणि काळी पॉलिश लावून चकचकीत केलेल्या टायरवर यातले काहीच दिसत नाही; जुनी गाडी विकत घेणाऱ्याने टायर आधी धुऊन मगच पाहावेत.

स्टेपनीचा प्रश्न याहून चमत्कारिक आहे. ती कधी वापरलेलीच नसते, म्हणून नवीच मानली जाते. वस्तुतः ती गाडीच्याच वयाची असते. नऊ वर्षांच्या गाडीचा टायर पंक्चर झाला, की रस्त्याच्या कडेला उभे राहून तिला नऊ वर्षांचा, बहुधा हवा कमी असलेला टायर लावला जातो आणि पुन्हा १२० चा वेग धरला जातो.

वयाची कसोटी कायद्यात आणणे अशक्य आहे, असे नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये संगीतमहोत्सवाहून परतणाऱ्या तरुणांची बस सरे परगण्यात अपघातग्रस्त होऊन तिघांचा मृत्यू झाला. पुढचा फुटलेला टायर बसपेक्षाही जुना, १९ वर्षांहून अधिक वयाचा निघाला. खाचा मात्र नियमात बसणाऱ्या होत्या. मृत तरुणांपैकी एकाच्या आईने अनेक वर्षे लढा दिला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे मालमोटारी व बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास बंदी आली. खासगी मोटारींना ती लागू केली गेली नाही, हेही नोंदवले पाहिजे. तो कायदा शक्य झाला याचे कारण, तपास करणाऱ्यांनी फुटलेल्या टायरचे वय शोधून काढले होते.

आपल्याकडे खासगी मोटारीला नोंदणीनंतरची पहिली पंधरा वर्षे कोणतीही योग्यता तपासणी नाही. प्रदूषण चाचणी होते ती फक्त धुराची. विम्याच्या नूतनीकरणात टायर कुणी पाहत नाही. अशा स्थितीत सरसकट वयोमर्यादेचा नियम केला, तर तो प्रवेशद्वारावरच्या चिरीमिरीचे आणखी एक निमित्त ठरण्याचीच शक्यता अधिक. शिवाय शहरातून काढलेले 'चांगल्या खाचांचे' टायर जुन्या मालाच्या बाजारातून ग्रामीण भागात जातात, हे विसरता येत नाही. बैलगाडीला लागलेला असा टायर कुणाचा जीव घेत नाही. बैल ताशी १२० ने धावत नाहीत. पण तोच टायर खच्चून भरलेल्या काळीपिवळी जीपला लागतो, तेव्हा पुण्या-मुंबईने टाळलेला धोका मेहकर-खामगावच्या रस्त्यावर येऊन बसतो. बाद टायर बाजारात न जाता थेट पुनर्प्रक्रियेकडे जाईल, अशी व्यवस्था नसताना केलेली वयोमर्यादा हा धोका फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकील.

टायर बदलणे स्वस्त नाही, हा आक्षेप खराच. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेवढा भार हलका झाला आहे. तरी चार टायरांचा खर्च कुटुंबाला जाणवतोच आणि चांगल्या दिसणाऱ्या वस्तूवर तो करायला मन धजत नाही. त्यामुळे शासनाने आधी काय करावे, याचे उत्तर नव्या बंदीत नसून नोंदीत आहे. समृद्धीच्या प्रवेशद्वारावर खाचा मोजणाऱ्या कर्मचाऱ्याने ते चार अंकही वाचून चालकाला सांगावेत. अडवू नये, सांगावे. प्रदूषण चाचणीच्या प्रमाणपत्रावर टायरचे उत्पादनवर्ष छापले जावे. आणि टायर फुटल्याचा उल्लेख असलेल्या प्रत्येक पंचनाम्यात त्या टायरचे साल, हवेचा दाब आणि खाचांची खोली यांचे रकाने असावेत. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी हाती आल्या, तर समृद्धीवर दोष उन्हाचा किती, वेगाचा किती आणि जुन्या रबराचा किती, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांच्या कागदपत्रांतूनच सांगता येईल. व्यावसायिक प्रवासी वाहनांच्या पुढच्या चाकांपुरती वयोमर्यादा घालायची की नाही, हा निर्णय त्यानंतर घेता येईल.